रविवारचे वचन आणि आठवड्याची मंडळी : मराठी ख्रिस्ती वचन-चिंतनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्या अभ्यासकांची दृष्टी बहुधा मोजक्या शिखरांवरच स्थिरावते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६), रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', पंडिता रमाबाईंचे समग्र बायबल-भाषांतर (१९२४) आणि अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' (२०१०) यांच्यापाशी आपला परामर्श पूर्ण होतो. डॉ. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाचा इतिहास मोठ्या परिश्रमाने मांडला आणि त्यांच्या ऋणातूनच पुढील अभ्यास संभवतो. परंतु या सर्व ग्रंथांच्या पायथ्याशी एक गद्य दर आठवड्याला निर्माण होत असते आणि दर आठवड्याला विरूनही जात असते. रविवारच्या उपासनेत वा मिस्सात वाचलेल्या शास्त्रपाठावर पाळक किंवा धर्मगुरू जे बोलतात, त्याचेच थोडे संस्कारित रूप मंडळीच्या पत्रकात किंवा धर्मप्रांताच्या मासिकात छापले जाते. या गद्यालाच प्रस्तुत लेखात 'वचन-चिंतन' असे म्हटले आहे.

हे गद्य वाङ्मयीन चिकित्सेला पात्र आहे काय, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. ते प्रासंगिक असते, उपदेशप्रधान असते, पुष्कळदा परक्या पुस्तकांतून उचललेले असते. पण कीर्तन आणि निरूपण यांनाही आपण प्रासंगिक म्हणून वगळलेले नाही. शिवाय ज्या समाजातील असंख्य माणसांच्या कानावर प्रमाण मराठीतील सुसंघटित गद्य आठवड्यातून एकदाच आणि तेही उपासनामंदिरातच पडते, त्या समाजाची भाषा या गद्यातून घडते किंवा बिघडते. तेव्हा त्याची परीक्षा धर्मोपदेशकांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. वचन-चिंतन हे सुटे वाचले तर त्याचे निम्मेच आकलन होते. त्याच्या आधी-नंतर जे वाचले जाते तेही विचारात घ्यावे लागते. आजाऱ्यांची नावे, होणाऱ्या विवाहांची घोषणा, मृतांचे स्मरण, छताच्या दुरुस्तीसाठी वर्गणी, बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी, तरुण संघाची बैठक किती वाजता, अशा या सूचना म्हणजे त्या आठवड्याचा संसार होय. शास्त्रपाठ शतकानुशतके तोच राहतो आणि सूचना दर रविवारी बदलतात. चिंतनाचे काम या दोहोंच्या मधोमध उभे राहण्याचे आहे. ते तेथे उभे राहते की नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

निरूपणाची घरची परंपरा

मराठी ख्रिस्ती निरूपणाचा आरंभ गद्यात नव्हे तर ओवीत झाला, ही बाब अर्थपूर्ण आहे. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचे जे पुराण त्यांनी रचले त्याची चौकटच एका मागणीची आहे. नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो, की पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे काय आहे? ही तक्रार धर्मतत्त्वाविषयी नाही. ती आठवड्याच्या जीवनात पडलेल्या पोकळीविषयी आहे. संध्याकाळी चारजण जमून ऐकत असत ते आता थांबले, असे तिचे स्वरूप आहे. रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सानंतर 'क्रिस्तपुराणा'चे वाचन देवळांतून होत असे, असा जो वृत्तान्त सांगितला जातो तो या दृष्टीने पाहिला पाहिजे. श्रोत्यांचा प्रश्न आधी आणि ग्रंथ नंतर, असा हा क्रम आहे.

दुसरी एक परंपरा याहून जुनी आहे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी येशूच्या बोधकथांसाठी 'दाखला' आणि 'दृष्टान्त' हे शब्द वापरले. 'दृष्टान्त' म्हटल्याबरोबर मराठीच्या अध्यापकाला केशिराजांचा 'दृष्टान्तपाठ' आठवतो. चक्रधरांचे ११४ दृष्टान्त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशा तीन अंगांनी तेथे मांडलेले आहेत. यांतील दृष्टान्त हा अंगाने अत्यंत लहान, बोलीतला, विशेषणांवाचून उभा असतो. दार्ष्टान्तिक त्याचा अर्थ सांगते, पण त्याला गिळून टाकीत नाही. आजच्या छापील वचन-चिंतनात बरोबर याच्या उलट घडताना दिसते. मूळ बोधकथा दोन वाक्यांत उरकली जाते आणि दार्ष्टान्तिक तीन मुद्द्यांत, प्रत्येक मुद्द्याला आणखी एक गोष्ट जोडून, विस्तारत जाते. या जोडगोष्टी कोठून येतात? वादळात सापडलेले जहाज, दीपस्तंभाचा रखवालदार, बर्फात अडकलेला वाटसरू आणि कोणा परदेशी राजाचा विश्वासू सेवक यांची ये-जा या गद्यात इतकी नित्याची आहे की जालन्याच्या श्रोत्याला समुद्र न पाहताच दीपस्तंभाची चांगली माहिती झाली असावी. परदेशी प्रवचनसंग्रहांचे हे ऋण आहे. ऋण घेण्यात दोष नाही. मात्र घरात धान्य असता उसने आणले, याचे आश्चर्य वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात (आजचे अहिल्यानगर) ख्रिस्ती कीर्तनाचा जो प्रयोग झाला, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी त्यासाठी जी पदे रचली, पुढे टिळकांनी अभंगाला जे उपासनेतील स्थान मिळवून दिले, त्यामुळे मराठी मंडळीचे गाणे घरचे झाले. गद्य मात्र तसे झाले नाही. गाताना मंडळी पंढरीच्या वाटेवरच्या चालीत गाते आणि लगेच पुढच्या क्षणी ऐकताना एखाद्या इंग्रजी व्यासपीठासमोर बसते. एकाच उपासनेतील ही फट टिळकांच्या लक्षात आलेली असावी. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही प्रवेश ठेवला. त्यामागे संघटनेचा विचार होता तसाच ऐकण्याच्या बैठकीचाही असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चार शब्द

शब्दांकडे वळल्यावर चित्र अधिक आशादायक होते. मराठी बायबलच्या परिभाषेत काही शब्द असे आहेत की ते सिद्धान्ताच्या पुस्तकातून आलेले नसून बाजारातून, कचेरीतून आणि स्वयंपाकघरातून आलेले आहेत. चिंतनकाराने त्यांच्याकडे नुसते थांबून पाहिले तरी त्याचे निम्मे काम होईल.

'करार' हा असा पहिला शब्द. जुना करार आणि नवा करार या ग्रंथनामांची सवय झाल्यामुळे तो कागदावर सही-अंगठा करण्याचा शब्द आहे हे आपण विसरतो. शेत बटईने देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तो चांगला कळतो. दुसरा शब्द 'साक्ष'. प्रार्थनासभेत उठून आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगणे म्हणजे साक्ष देणे. हाच शब्द पंचनाम्यात आणि न्यायालयात आहे व तेथे खोटे बोलल्यास शिक्षा आहे. तिसरा 'मंडळी'. ग्रीक 'एक्लेसिया'ला मराठीने दिलेला हा प्रतिशब्द इतका घरगुती आहे की पंगतीला बसलेली तीही मंडळी आणि जुन्या बोलण्यात नवऱ्याने 'आमची मंडळी' म्हटले तर ती पत्नी. पौलाच्या इफिसकरांस पत्रात मंडळीला वधूची उपमा आहे. मराठीत ती उपमा शब्दकोशातच येऊन बसली, हा केवळ योगायोग, पण गोड आहे.

चौथ्या शब्दाजवळ अधिक वेळ थांबावेसे वाटते. तो म्हणजे 'तारण'. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मुक्ती वा मोक्ष या शब्दांऐवजी हा रूढ झाला. त्याचे कारण उघड आहे. मोक्षाला पुनर्जन्माच्या कल्पनेची पार्श्वभूमी आहे आणि भाषांतरकारांना ती टाळावयाची होती. पंडिता रमाबाई तर याबाबतीत विशेष दक्ष होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील अल्पशिक्षित स्त्रियांना स्वतः वाचून कळेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते आणि वेदान्ताचा गंध असलेले शब्द नको होते. परंतु मराठी माणसाच्या व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे किंवा पतपेढीत ठेवलेली वस्तू. दागिना तारण ठेवतात, सातबारा तारण ठेवतात. बाजार समित्यांत शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सोयाबीनची पोती गोदामात अडकलेली असताना तोच श्रोता रविवारी ऐकतो की प्रभूच तुझे तारण आहे. या वाक्याचा त्याच्या कानी कोणता अर्थ पोहोचतो? 'प्रभू मला वाचवील' हा एक. 'माझ्यावरील ऋणापोटी प्रभू स्वतः गहाण राहिला' हा दुसरा. दुसरा अर्थ भाषांतरकाराने योजलेला नसेल, पण तो धर्मशास्त्राला परका नाही. खंडणी भरून सोडविण्याची प्रतिमा शुभवर्तमानात आहेच. एवढे समृद्ध द्व्यर्थी पद हाताशी असता त्यावर थबकणारे चिंतन मात्र आढळणे कठीण. आपल्याच शब्दाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय नसल्याचे हे लक्षण आहे.

जाता जाता एक निरीक्षण. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणतात, जसे वारकरी विठ्ठलाला म्हणतो. पाळकांना मात्र 'पाळकसाहेब' म्हणतात. या दोन संबोधनांतील अंतरावरही एखादे चिंतन होऊ शकेल.

पाठपत्रिका आणि पंचांग

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथॉलिक उपासना लोकभाषांत आली. १९६९ पासून रविवारच्या शास्त्रपाठांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक आणि योहान ठिकठिकाणी विखुरलेला, अशी ही योजना आहे. प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे, जोडकाम नव्हे, असेही परिषदेने ठरविले. ज्या प्रोटेस्टंट मंडळ्या पाठपत्रिका पाळतात त्यांच्याही शास्त्रपाठांचा क्रम याच्या जवळपास असतो. इतरत्र पाळक स्वतः वचन निवडतो. निवडीच्या स्वातंत्र्यात एक धोका असतो. आवडीची दहा-पंधरा वचनेच फिरून फिरून येतात. पाठपत्रिका प्रवचनकाराला नावडत्या वचनासमोरही उभे करते. वाङ्मयीन दृष्टीने हा लाभच होय, कारण आवडीचे वचन आपण वाचीत नाही, ते आधीच पाठ असते.

पण या चक्राचा जो विशेष मराठी चिंतनात उपयोगात आलेला नाही तो म्हणजे आपल्या ऋतूंशी घडणारी त्याची गाठ. ही गाठ रोममध्ये कोणी बांधलेली नाही. ती आपोआप पडते. मत्तयाच्या वर्षी सामान्य काळातला पंधरावा रविवार १० ते १६ जुलैच्या दरम्यान येतो आणि त्या दिवशी पेरणाऱ्याचा दृष्टान्त वाचला जातो. सोबत यशयाच्या ग्रंथातील पाठ असतो, त्यात आकाशातून पडणारा पाऊस जमीन भिजविल्याशिवाय परत जात नाही, तसे देवाचे वचनही निष्फळ होत नाही, अशी उपमा आहे. आता हा पाठ मराठवाड्यातील एखाद्या वस्तीवरच्या देवळात १६ जुलै २०२३ रोजी वाचला गेला असे समजा. त्या वर्षी पाऊस उशिरा पोहोचला होता. पेरण्या खोळंबल्या होत्या. पुढचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरावयाचा होता. ज्याच्या शेतावर पाऊस येतच नाही, किंवा येऊन उघडीप देतो आणि दुबार पेरणी करावयास लावतो, त्याला यशयाची उपमा कशी ऐकू जाईल? संदेष्ट्याने जे सर्वांत खात्रीचे म्हणून उपमान घेतले तेच येथे सर्वांत बेभरवशाचे आहे. प्रामाणिक चिंतनाने ही उपमा येथे मोडते हे आधी मान्य केले पाहिजे आणि मगच पुढे गेले पाहिजे. न मोडल्याचे सोंग आणणारे गद्य श्रोत्याचा विश्वास गमावते. तो उठून जात नाही, एवढेच. शेवटपर्यंत बसतो आणि ऐकणे थांबवितो.

स्वतः दृष्टान्ताचे काय? बी वाटेवर पडले, खडकाळीत पडले, काटेरी झुडपांत पडले आणि शेवटी चांगल्या जमिनीत पडले. ही हाताने फेकून करावयाची पेरणी आहे. आपल्याकडे पाभरीने वा तिफणीने पेरतात. मागे चालणारी बाई मुठीमुठीने चाड्यावर बी सोडते, ते नळीवाटे नेमके तासात पडते. वाटेवर दाणा जाऊ देणारी बाई घरी बोलणी खाईल. कपाशीचे बी तर मोजून टोबले जाते, कारण पाकिटाला पैसे मोजलेले असतात. तेव्हा दृष्टान्तातील पेरणारा आपल्या शेतकऱ्याच्या लेखी उधळ्या आहे, जवळजवळ अव्यवहारी आहे. हा विस्मय हीच या दृष्टान्ताची किल्ली आहे असे मला वाटते. देवाचे पेरणे हिशेबी नाही. काटकसरीने पेरणाऱ्या मराठी श्रोत्याला हे जितके तीव्रतेने कळू शकते तितके यंत्रयुगातील युरोपीय श्रोत्याला कळणार नाही. परंतु छापील चिंतने येथे एकाच प्रश्नाकडे धाव घेतात, 'तू कोणती जमीन आहेस?'

या प्रश्नाला आपल्या समाजात एक इतिहास आहे आणि तो विचारणाऱ्याच्या ध्यानात क्वचित असतो. मराठवाडा आणि अहमदनगर भागातील ख्रिस्ती मंडळ्यांचा मोठा हिस्सा महार व मांग समाजांतून आलेला आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला काळी कसदार जमीन क्वचितच आली. आली ती मुरमाड, बरड, किंवा कसून कसून आपली म्हणावी अशी गायरानाची. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले ते याच प्रदेशाच्या आठवणीत आहेत. खडकाळ जमीन हे येथे अश्रद्धेचे रूपक म्हणून उभे राहू शकत नाही. ती कोणी कोणाला दिली, असा प्रश्न त्या रूपकाच्या पाठोपाठ येतो. जमिनीला दोष देणारे निरूपण नकळत ज्याच्या वाट्याला तशी जमीन आली त्यालाच दोष देते. मत्तयाच्या अध्यायात पेरणारा कोणतीही जमीन टाळीत नाही, एवढी साधी गोष्ट त्याऐवजी सांगता आली असती.

असाच दुसरा योग सप्टेंबरचा. मत्तयाच्याच वर्षी पंचविसाव्या रविवारी, म्हणजे १८ ते २४ सप्टेंबरच्या सुमारास, द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टान्त येतो. २०२६ साली तो २० सप्टेंबरला आहे. निफाड-दिंडोरीकडे हे दिवस गोडी छाटणी सुरू होण्याचे. सुरगाणा-पेठकडील मजुरांच्या टोळ्या उतरतात, सकाळी नाक्यावर उभ्या राहतात. दृष्टान्तातील मालक पहाटे, तिसऱ्या प्रहरी आणि अगदी दिवस मावळताना बाजारात जाऊन माणसे आणतो व सर्वांना सारखीच मजुरी देतो, ही कथा नाशिकच्या श्रोत्याला पाठपत्रिकेने जणू दारात आणून ठेवली आहे. तरीही रूढ अर्थ एकच सांगितला जातो, की आयुष्याच्या शेवटी पश्चात्ताप करणाऱ्यालाही स्वर्ग मिळतो. अर्थ चुकीचा नाही. पण नाक्यावर ज्याने एक दिवस जरी पाहिले असेल त्याला आधी दुसरीच गोष्ट दिसेल. संध्याकाळपर्यंत कोण उरते? आळशी उरत नाही. तो नाक्यावर येतच नाही. उरतो तो म्हातारा, उरते ती कडेवर मूल असलेली बाई, उरतो नुकताच आजारातून उठलेला. त्यांना कोणी कामाला लावले नाही, असे उत्तर दृष्टान्तातील माणसे स्वतःच देतात. शिवाय छाटणीची कामे पुष्कळदा एकरावर उक्ती दिली जातात. टोळीत एक हात कमी चालला तर त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. अशा व्यवस्थेत दिवसभर राबलेल्यांची कुरकुर ही मत्सराची कुरकुर नाही, तिच्यात एक न्याय्य भाग आहे. दृष्टान्त त्या कुरकुरीला तोंड देतो, तिला दडपीत नाही. चिंतनाने तरी का दडपावे?

याच दृष्टान्ताला मंडळीच्या घरातही एक अर्थ आहे. चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली 'जुनी' घराणी आणि परवा-परवा आलेले 'नवे' विश्वासू यांच्यात पंच कमिटीच्या निवडणुकीत, बाकाच्या जागेत, दफनभूमीच्या जागेतही अंतर असते. पहाटे आलेले आणि संध्याकाळी आलेले हे दोन्ही पक्ष त्या रविवारी समोरासमोर बसलेले असतात. त्यांच्यासमोर हा पाठ वाचला जातो, मग चिंतन स्वर्गाविषयी होते आणि सूचनांमध्ये कमिटीच्या बैठकीची वेळ जाहीर होते.

उत्तम मेंढपाळाच्या पाठाविषयी थोडक्यात. पुनरुत्थान काळातला चौथा रविवार, म्हणजे एप्रिल-मे, दरवर्षी योहानाच्या दहाव्या अध्यायाला दिलेला आहे. हे दिवस कोकण-खानदेशात उतरलेल्या धनगरांनी पावसापूर्वी देशावर परतण्याचे. रात्री शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेणारा हा माणूस आपल्या डोळ्यांसमोरून जातो आणि चिंतनात हिरवीगार कुरणे व पाश्चात्त्य चित्रातला गोरा मेंढपाळच येत राहतो.

मौनाची जागा

वचन-चिंतनात काय सांगितले जाते यापेक्षा काय टाळले जाते ते कधीकधी अधिक बोलके असते. येथे एक नाजूक विषय येतो आणि तो दोषारोपाच्या स्वरात मांडण्याचा अधिकार बाहेरच्या समीक्षकाला नाही, याची जाणीव ठेवून लिहितो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांसाठी अशी दुरुस्ती झालेली नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये आयोग नेमला. याचा दैनंदिन परिणाम असा, की एका घरातील एक भाऊ बौद्ध म्हणून सवलतीस पात्र आणि दुसरा ख्रिस्ती म्हणून अपात्र ठरतो. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी दुहेरी नोंद अनेक कुटुंबांनी नाइलाजाने स्वीकारली आहे. सर्वांना ते ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही.

आता पवित्र सप्ताहात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो. त्यात पेत्र अंगणात शेकोटीजवळ उभा आहे. एक दासी विचारते, तूही त्याच्याबरोबर होतास ना? आणि तो म्हणतो, मी नव्हे. मुलाच्या प्रवेशअर्जावरचा रकाना भरताना ज्याचा हात क्षणभर थांबला होता, तो बाप हा पाठ कसा ऐकत असेल? मराठी चिंतनांतून या प्रसंगावर भ्याडपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या बापाच्या बाकाशेजारी बसून लिहिलेले फारच थोडे. खरे तर शुभवर्तमानच येथे अधिक उदार आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा एक कोळशाची शेकोटी आहे, तिच्यावर मासे भाजलेले आहेत, न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारले जाते ते प्रेमाविषयी. अंगणातल्या नकाराचा जाब तेथे मागितला जात नाही. दोन शेकोट्यांमधील हे अंतर उलगडून दाखविणे ही उत्तम समीक्षाही आहे आणि उत्तम चिंतनही. मात्र त्यासाठी आधी प्रवेशअर्जाचा रकाना उच्चारावा लागतो. तो उच्चारला तर काय ओढवेल, ही पाळकाची भीती खोटी नाही. प्रवचनात नाव घेतलेली गोष्ट गावात फिरते आणि तिची किंमत श्रोत्याला मोजावी लागते. येथे मौन भ्याडपणाचे आहे की काळजीचे, हे दूर बसून ठरविता येत नाही. तरीही छापील मासिकात, जेथे गाव नसते, तेथे तरी हा विषय यावयास हरकत नसावी.

मौन मोडले गेल्याची उदाहरणेही आहेत. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे संपादन फादर दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात केले. त्या काळात वसईतील शेती, पाणी आणि वाढते शहर हा प्रश्न धर्मनियतकालिकाच्या पानांपासून दूर ठेवला गेला नाही. हरित वसईची चळवळ आणि शास्त्रपाठ यांच्यात त्यांना विसंगती दिसली नाही. संतवाङ्मयाशी त्यांचा परिचय असल्यामुळे त्यांच्या गद्यात दाखल्यांसाठी परमुलखी जावे लागत नाही. त्यांच्या लेखनावर घेता येईल असा आक्षेप वेगळा आहे. प्रमाण मराठीचा त्यांचा डौल इतका निर्दोष आहे, की वसईच्या कुपारी, वाडवळ, कोळी घरांतील बोली त्यात शिरकाव करू शकत नाहीत. मिस्साची मराठी एक आणि ओटीवरची बोली दुसरी, हा दुभंग त्यांच्याही गद्याने सांधला नाही. आज इंग्रजी माध्यमातील तरुण पिढीला मिस्साची मराठीच अवघड जाते. तेव्हा हा दुभंग तिहेरी झाला आहे.

बुधवारची सभा

'स्मृतिचित्रे' हे मंडळीच्या आठवड्याचे मराठीतील सर्वोत्तम चित्रण आहे, असे विधान मी धाडसाने करतो. लक्ष्मीबाई तेथे प्रवचन करीत नाहीत. घरात कोण जेवायला आले, कोणाच्या हातचे पाणी घेताना मन कसे अडले आणि पुढे ते कसे मोकळे झाले, हे त्या सांगतात. जातिभेद सुटण्याविषयीचे एवढे प्रत्ययकारी निरूपण कोणत्याही व्यासपीठावरून झालेले नाही, आणि ते निरूपण आहे असे ते स्वतः कोठे म्हणतही नाही.

लक्ष्मीबाईंची परंपरा आजच्या मंडळीत रविवारी दिसत नाही. ती बुधवारी वा शुक्रवारी, घरोघरच्या प्रार्थनासभेत दिसते. दहा-बारा माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, चटईवर बसलेल्या. वचन वाचले जाते, पाळक नसतो किंवा उशिरा येतो. मग कोणी एक बोलू लागते. अशा सभांत बसून जे ऐकले त्यावरून सांगतो, की तेथे तीन मुद्दे नसतात, दीपस्तंभ नसतो, वाक्य अनेकदा अर्धवट राहते. पण वचन आणि आठवडा एकमेकांना भिडतात. रुग्णालयाचे बिल, सुनेचे बोलणे, थकलेला हप्ता यांच्या आधारानेच वचनाचा अर्थ लावला जातो. सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक हा क्रम कोणी न शिकविता तेथे सापडतो. दृष्टान्त आखूड आणि घरचा, दार्ष्टान्तिक त्याहूनही आखूड. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात प्रवचनाला मोठा विभाग दिला, प्रवचनकाराने वचनाइतकेच लोकांनाही ऐकावे असे त्यात सुचविले आणि २०२४ साली तर प्रवचन आठ मिनिटांच्या आत आटोपावे असे सांगितले. बुधवारच्या सभेतील बाईला हा सल्ला देण्याची गरज पडली नसती. तिला तेवढाच वेळ असतो, कारण भाजी चुलीवर असते.

हे बोलणे छापले जात नाही. मासिकाकडे पाठविण्याइतके ते 'शुद्ध' नाही, असे बोलणारीलाच वाटते. संपादकांनाही बहुधा तसेच वाटत असावे. काही मंडळ्यांत तरुण मुले आता या सभा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात, गावाबाहेर गेलेल्या नातेवाइकांना पाठवितात आणि महिना-दोन महिन्यांत जागा रिकामी करण्यासाठी पुसून टाकतात. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून लोकगीते आणि ओव्या गोळा करण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्या विद्यार्थ्यांपैकी दोघातिघांना एका वर्षाचे बुधवार द्यावयास काय हरकत आहे?